शीर्षासन करणारा भुंगेरा कसा पाहावा

लेकाकडे टूसॉनला, म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी शहरात, आल्यावर संध्याकाळचं काय करायचं, हे मला दुसऱ्या वर्षी सापडलं. जुलैत इथे पावसाळा सुरू होतो, आणि दिवस कलला की काळे, गुळगुळीत, दोन-तीन सेंटीमीटरचे भुंगेरे वाळूतून फिरायला लागतात. शास्त्रीय नाव इलिओडीस. पंखांची झाकणं जुळलेली असतात, त्यामुळे उडून जाण्याची भीती नाही.

पायात बंद बूट घाला, हातात टॉर्च घ्या आणि टॉर्च आधी आपल्या पावलांपुढे मारा. रॅटलस्नेक (शेपटी खुळखुळवणारे विषारी साप) आणि विंचूही याच वेळी निघतात. भुंगेरा दिसला की काडीने त्याच्याजवळची माती हलवा, त्याला डिवचू नका. तो थबकतो, डोकं खाली घालतो आणि ढुंगण वर करून उभा राहतो. अजून सतावलंत तर टोकातून द्रव सोडतो. काही जातींत तो पिचकारीसारखा उडतो, म्हणून तोंड जवळ नेऊ नका. डोळ्यांत गेला तर आग आग होते.

मी पहिल्यांदा चिमटीत धरला होता. वास आयोडीनसारखा, आणि बोटं तपकिरी. केळफूल सोलल्यावर होतात ना, अगदी तशी! गंमत म्हणजे दोन्हीकडे कारभार क्विनोन नावाच्या, डाग पाडणाऱ्या रसायनांचाच: केळफुलात ते हवा लागल्यावर तयार होतात, हा मात्र पोटातल्या ग्रंथींत भरूनच हिंडतो. साबणाने डाग गेले नाहीत. सूनबाईने आठवडाभर मला पोळ्या लाटू दिल्या नाहीत, तेवढाच आराम.

कॅक्टसवर असाच काळा भुंगेरा दिसला, तर मिशा बघा. लांब असतील तर तो मोनेलेमा, दुसराच भुंगेरा. उलटा उभा तोही राहतो, पण त्याच्याकडे सोडायला काहीच नसतं. नुसता आव.

आता खरी मजा, आणि ती सकाळी शोधायची. इथे टोळखाऊ उंदीर असतो, विंचूसुद्धा खाणारा. भुंगेऱ्याचा सगळा दारूगोळा शेपटाच्या टोकाला, हे उंदराला पक्कं ठाऊक. तो पुढच्या पायांनी भुंगेरा पकडतो, मागचा भाग मातीत खुपसतो आणि डोक्याकडून खायला लागतो. द्रव मातीत जिरतो. टॉमस आयस्नर या कीटकशास्त्रज्ञाने हे टिपून ठेवलंय. उंदीर स्वतः दिसणं नशिबाचा भाग, मला तीन वर्षांत एकदाच दिसला, तोही शेपटीपुरता. म्हणून उन्हं चढायच्या आत झुडपांच्या बुडाशी वाका आणि मातीत रुतलेली काळी चकचकीत टोकं शोधा. डोकं नाही, छाती नाही, फक्त मागचा तुकडा उभा. मुंग्यांनी नेला नसेल तर काडीने उचला. हाताने नको, ग्रंथी त्यातच असतात.