ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी वॉरंटी कशी पारखावी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला जाणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम, किती मिळतील? ते घरबसल्या यूट्यूबवर कळतं. दुकानात विचारायला हवं ते हे, की कार्ड बिघडलं तर कुठे द्यायचं आणि परत कधी मिळणार. तीस-चाळीस हजारांची वस्तू चार-पाच वर्षं चालवायची असेल, तर माझ्या मते हाच प्रश्न मोठा.

आधी एवढं लक्षात घ्या: एनव्हिडिया, एएमडी चिप बनवतात, पण कार्ड बहुतेक वेळा असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशा कंपन्यांचं असतं आणि वॉरंटीही त्यांचीच. एकाच चिपची दोन कार्डं वेगात जवळपास सारखीच असतात. फरक असतो तो कूलर, पंखे, पॉवरचे भाग आणि वॉरंटीत. म्हणून थोड्या जास्त क्लॉक स्पीडसाठी (चिपच्या वेगासाठी) पैसे मोजण्यापेक्षा मी ते चांगल्या कूलरसाठी आणि वाढीव वॉरंटीसाठी मोजेन. पंखा हा कार्डावरचा फिरणारा भाग, त्यामुळे झिजतोही तोच.

आता दोन-तीन मॉडेल निवडा आणि कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर वॉरंटीच्या अटी वाचा. आपल्याकडे साधारण ३ वर्षं मिळतात. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केल्यावर मुदत वाढवतात, पण ती नोंदणी ठरावीक दिवसांत करावी लागते. मुदत बिलाच्या तारखेपासून धरतात की सीरियल नंबरवरून, हेही बघा. परदेशातून कुणी आणून दिलेल्या कार्डाला इथे बऱ्याचदा वॉरंटी मिळतच नाही.

मुंबईकरांनी एक अट दोनदा वाचावी: गंज. अनेक कंपन्या गंजलेलं किंवा जळालेलं कार्ड वॉरंटीत घेत नाहीत. आपली हवा दमट आणि खारट, त्यात पावसाळ्याचे चार महिने. कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीपाशी किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. गणपतीला गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलात की मशीन थोडा वेळ सुरू ठेवा; आतल्या उबेने ओल कमी होते. कार्डाची मागची धातूची पट्टी आणि सोनेरी पिना अधूनमधून तपासत जा, गंज आधी तिथेच दिसतो.

दुकानात पैसे देण्याआधी खोका उघडायला लावा. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, ते स्वतः वाचून बघा. आकडा जुळत नसेल तर तिथेच थांबा. ‘बिलाशिवाय घेतलंत तर स्वस्त पडेल’ असं कुणी म्हटलं, तर स्पष्ट नाही म्हणा. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायला वॉरंटी घालवू नये. बिलाची शाई उडते, म्हणून लगेच फोटो काढा, आणि चारही बाजूंनी कार्डाचेही.

सेकंडहँड घेत असाल तर मूळ बिल मागाच. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं, तेव्हा त्या कामात दिवसरात्र चाललेली बरीच कार्डं बाजारात आली. बिल नसेल तर निदान अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासा, पडद्यावर ठिपके-रेघा येतात का बघा.

बसवताना पॉवरची पिन शेवटपर्यंत आत गेली पाहिजे. २०२२मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे पॉवर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अर्धवट बसलेली पिन हे कारण पुढे आलं होतं. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग, तोही नावाजलेल्या कंपनीचाच घ्या.

आणि बिघाड झालाच, तर सर्व्हिस सेंटरला कार्ड देताना जॉबशीट (कार्ड जमा केल्याची पावती) घ्या, त्यावर कार्डाची अवस्था लिहून घ्या. तुमच्याकडे आधीचे फोटो असतील तर ‘हे आधीच गंजलेलं होतं’ असं म्हणणं कुणालाही सोपं जाणार नाही. तरीही टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ला फोन करा. बिल, जॉबशीट आणि फोटो हाताशी ठेवा.