परदेशी सून किंवा जावई येणार असेल, तर सरकारी दवाखान्याची तयारी

ताप आला, कुत्रं चावलं, तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बेळगावच्या सिव्हिलला (बोर्डावर बिम्स असलं तरी आपल्या तोंडी सिव्हिलच) केसपेपर काढताना सहसा कुणी नागरिकत्व विचारत बसत नाही. कागद मागते ती योजना. मोठ्या उपचारांचा खर्च देणारी सरकारची 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' रेशन कार्ड आणि आधारवर चालते, आणि नुकत्या उतरलेल्या माणसाकडे दोन्ही नसतं. तेव्हा मोठ्या आजाराचा खर्च सुरुवातीला स्वतःचा धरूनच चला. इथं येऊन विमा काढायचा म्हटलं, तर जुन्या दुखण्यांना थांबावं लागतं; म्हणून येतानाच प्रवासाचा विमा काढून यायला सांगा.

कागदांची फाईल दोन भागांत करा. एका भागात पासपोर्ट, व्हिसा आणि लग्नाचा दाखला. लग्न बाहेर झालं असेल तर दाखल्यावर तिथलाच अपोस्टिल शिक्का (कागद खरा असल्याची त्या देशाच्या सरकारची खूण). दुसऱ्यात इथले कागद. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत ई-एफआरआरओवर (परदेशी लोकांच्या नोंदणीची सरकारी वेबसाईट) नोंदणी करायची, आणि ज्यांच्या घरी उतरणार त्यांनी पाहुणा आल्याचं 24 तासांत तिथंच कळवायचं. हे पोलिसांचं काम वाटतं, पण पुढचे सगळे कागद त्यावरच उभे राहतात. आधारला अर्ज करायचा तर आधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, म्हणजे पहिलं अर्ध वर्ष तो विषयच नाही. ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिकाला भारतात कायम येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड) लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं व्हावी लागतात.

नावाकडे मात्र बारीक लक्ष द्या. पासपोर्टात आडनाव वर, दिलेलं नाव खाली. खिडकीवरचा माणूस कानाला येईल तसं कन्नडमध्ये लिहितो, आणि पुढच्या खेपेला तेच नाव वेगळं होतं. तोंडी सांगू नका, पासपोर्टाची झेरॉक्स पुढे करा आणि केसपेपर हातात आला की तिथंच वाचून घ्या. आपल्यापैकी कितीतरी जणांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. वाचणारा सोबत न्या.

सोबत जाणाऱ्यानं दुभाष्याचंच काम करावं. सासूबाईंनी 'तिला तसं काही होत नाही' म्हणून परस्पर उत्तर द्यायचं नाही. पाळी, झोप, पोटाच्या तक्रारी तिच्या तिनं सांगाव्यात. नवरा सोबत असेल तर उत्तम, पण त्यालाही हाच नियम.

नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत आणा, आणि त्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. तिकडचा ब्रँड इथं मिळेलच असं नाही. मूळ नाव असेल तर जनऔषधीतही विचारता येतं. रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि लसींची नोंद त्याच पानावर.

दिवस गेले असतील तर आशाताईला लवकर कळवा आणि तायी कार्डाची (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद ठेवणारं सरकारी कार्ड) चौकशी करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सोनोग्राफीच्या वेळी एफ फॉर्मवर (गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या नोंदीचा सरकारी कागद) सही घेतात. मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगणार नाहीत, 1994 च्या कायद्यानं बंदी आहे. तिच्या देशात हे सहज सांगत असतील, त्यामुळे आत जाण्याआधीच तिला समजावून ठेवा.

निपाणीची माणसं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात, अथणी-कागवाडची मिरजेच्या दवाखान्यात, म्हणजे महाराष्ट्रात, जातातच. हद्द ओलांडली तरी फाईल तीच, पण कर्नाटकचं कार्ड तिथं चालेल असं गृहीत धरून निघू नका, आधी फोनवर विचारा.

108 हा अँब्युलन्सचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये घाला. त्याच्यासोबत गाव, तालुका, जवळचं देऊळ किंवा शाळा हे कन्नड वाक्य रोमन अक्षरांत लिहून द्या आणि तुमच्यासमोर दोनदा मोठ्यानं वाचून घ्या.