मजकूर मागाहून आणताय? मग या चुका टाळा

वेबसाइटचं पान आधी उघडावं आणि आतला मजकूर मागाहून यावा, यासाठी फार काही लागत नाही. एक रिकामा डिव्ह (पानातला डबा), एक फेच (सर्व्हरकडं मजकूर मागणारी जावास्क्रिप्टची आज्ञा), आलेलं उत्तर आत भरलं की झालं. बेळगावात वेबसाइटची कामं शिकणारी पोरं हा पंचवीस-तीस ओळींचा कंपोनंट, म्हणजे पानाचा सुटा भाग, एका दुपारी लिहितात, टिळकवाडीतल्या फायबरवर चालवून बघतात आणि गिऱ्हाइकाला देऊन मोकळी होतात. पान उघडणारा मात्र जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर, एका दांडीच्या रेंजवर असतो. चुका तिथं उघड्या पडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ज्या क्रमानं मागितलं त्याच क्रमानं येणार, असं धरून चालणं. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं भावाचं पान होतं. वर बटणं: बटाटा, रताळी, काजू. बटण दाबलं की शीर्षक लगेच बदलायचं आणि भाव सर्व्हरवरून यायचा. खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं चुकून बटाटा दाबलं, मग रताळी दाबलं. रताळ्याचा भाव आला, आणि तेवढ्यात मागं रेंगाळलेलं बटाट्याचं उत्तर येऊन त्यावर बसलं. शीर्षक रताळी, आकडा बटाट्याचा. त्या आकड्यावर त्यानं टेम्पो भरला. यार्डात वाद पेटला. ‘तुमच्याच पानावर हाय की ओ हा भाव!’ म्हणत त्यानं स्क्रीनशॉट पुढं धरला; अडत्यानं स्वतःच्या मोबाइलवर उघडलं तर भाव वेगळाच. दोघंही खरं बोलत होते.

पान लिहिणाऱ्या पोरानं काय करावं? सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा, लावून बटणं दोन सेकंद बंद ठेवली! या सेटटाइमआउटच्या मलमपट्टीची मला मनापासून चीड आहे. रेंज खराब असली की उत्तर पाच सेकंदांनी येतं, दहा सेकंदांनीही येतं. दोन सेकंद कुठून आणले?

माझी सवय साधी आहे. प्रत्येक मागणीला चढता नंबर द्यायचा, आणि उत्तर आलं की तो शेवटचाच नंबर आहे का ते बघायचं. नसेल तर उत्तर टाकून द्यायचं. ही तपासणी फेचनंतर लगेच करून भागत नाही. फेचचं वचन (प्रॉमिस) हेडर, म्हणजे उत्तराची वरची माहिती, आले की पुरं होतं; आतला जेसन, म्हणजे खरा मजकूर, वाचायला आणखी वेळ जातो. म्हणून पानावर लिहायच्या अगदी आधीच्या ओळीत तपासा. जोडीला अबॉर्टकंट्रोलर (मागणी मधेच थांबवायची ब्राउझरची सोय) वापरून जुनी मागणी रद्द करा. रद्द केलेली मागणी अबॉर्टएरर फेकते, ती कॅचमध्ये (कोडमध्ये चुका पकडणारा भाग) वेगळी काढा, नाहीतर वापरणाऱ्याला उगाच लाल अक्षरात चूक दिसते. आणि पारखायचं असेल तर सर्व्हरवर एकाच मालाचं उत्तर मुद्दाम ५ सेकंद अडवून ठेवा. ब्राउझरचं नेहमीचं थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम हळू करायची सोय) सगळ्यांनाच सारखं हळू करतं, त्यात क्रम उलटेलच असं नाही.

दुसरी चूक: कॅच लिहिलंय म्हणजे चुका पकडल्या जाणार. नाही. सर्व्हरनं ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरच बिघडला) दिलं तरी फेचच्या लेखी ते उत्तरच आहे. जोडणीच झाली नाही किंवा मागणी रद्द झाली, अशा वेळीच फेच कॅचमध्ये जातं. मग ‘सापडले नाही’ असं सर्व्हरचं इंग्रजी पान तुमच्या पानाच्या पोटात जाऊन बसतं. रिस्पॉन्स डॉट ओके (उत्तर धड आलं की नाही ते सांगणारी खूण) तपासा आणि खोटं निघालं तर स्वतः एरर फेका. एका ओळीचं काम आहे, आणि तीच ओळ प्रत्येक घाईवाला गाळतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. फाइलवर डबल क्लिक करून पान उघडलं तर क्रोम शेजारच्या फाइलचा फेच अडवतो. लाइव्ह सर्व्हर (आपल्याच मशीनवर चालणारा छोटा सर्व्हर) लावा, कोडला दोष देऊ नका. लोकांनी लिहिलेला मजकूर इनरएचटीएमएलनं कधीही भरू नका, त्यात आलेले टॅग ब्राउझर खरे मानतो; टेक्स्टकंटेंट वापरा, ते सगळं साधी अक्षरं म्हणूनच दाखवतं. इनरएचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरं, पण इमेजच्या ऑनएररमधला (चित्र उघडलं नाही तर चालणारा) कोड चालतो. नवीन मजकुरातल्या बटणांना दरवेळी क्लिक बांधत बसण्यापेक्षा बाहेरच्या डब्याला एकदाच बांधा. त्या डब्याला आधीच मिनहाइट (कमीत कमी उंची) द्या, म्हणजे मजकूर आल्यावर खालचं सगळं उडी मारत नाही आणि बोट भलत्याच बटणावर पडत नाही. रिस्पॉन्स डॉट टेक्स्ट (उत्तरातला मजकूर वाचणारी आज्ञा) सगळं यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत, समजूनच वाचतो, तेव्हा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टातला मराठी-कन्नड मजकूर आधी बदलून घ्या.

आणि मजकूर आलाच नाही तर नुसतं फिरतं चक्र ठेवू नका. दहा-पंधरा सेकंदांनी मागणी थांबवा, काय बिघडलं ते सांगा आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण मराठीत द्या, कन्नडमध्येही द्या. त्याचा मजकूर पानातच लिहून ठेवा. तोही फेच करून आणणारी पोरं मी बघितली आहेत.