हात नेमका कुठे थांबतो?

माझं पहिलं एकल प्रदर्शन संपलं आणि त्यानंतर सात महिने मी एकही चित्र पूर्ण केलं नाही. प्रदर्शन चांगलं झालं होतं. लोक आले, बोलले, काही चित्रं विकलीही गेली. त्यामुळे अपयशाने खचले असं म्हणायलाही जागा नव्हती. रोज सकाळी बोर्डवर कागद ताणायचा, ब्रश भिजवायचे, रंग पिळून ठेवायचे, आणि दुपारपर्यंत वाळलेली पॅलेट धुऊन उठायचं. कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "सध्या काही सुचत नाहीये."

हे उत्तर खरं नव्हतं, आणि ते कळायला मला पाच महिने लागले. एके दिवशी टेबल आवरताना स्केचबुक चाळलं, तर त्यात गेल्या काही महिन्यांतली साठेक थंबनेल निघाली. काडेपेटीएवढ्या चौकटी, पेन्सिलीने झरझर काढलेल्या. त्यांतली निम्मी तरी चित्र करण्याजोगी होती. म्हणजे सुचत होतं! थांबत होतं ते पुढच्या पायरीवर, काडेपेटीएवढी गोष्ट मोठ्या कागदावर नेताना. पाच महिने मी चुकीच्या दुखण्यावर औषध घेत होते. प्रेरणा मिळावी म्हणून प्रदर्शनं पाहत होते, पुस्तकं चाळत होते आणि कल्पनांच्या ढिगात आणखी भर घालत होते.

म्हणून चित्रकलेत नव्याने आलेल्यांना मी आधी एकच गोष्ट करायला सांगते. आठवडाभर, कामावरून उठताना, एका वहीत एक ओळ लिहा : आज हात कुठे थांबला? कोरा कागद पाहून? पहिल्या वॉशनंतर, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या थरानंतर? आकृतीचा चेहरा आला तेव्हा? की सगळं झाल्यावर, सही करायच्या आधी? सात ओळी झाल्या की त्यांत बहुतेक वेळा एकच जागा पुन्हा पुन्हा आलेली दिसते. 'ब्लॉक', म्हणजे काम अडणं, या एका शब्दात चार-पाच वेगळी दुखणी कोंबलेली असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

काहींचा हात खरोखरच सुरुवातीच्या आधी थांबतो. साठा संपलेला असतो. दिवसभर पडद्यावर इतरांची चित्रं पाहिली की डोळे थकतात, पण भरत नाहीत. अशा वेळी कल्पनेच्या मागे लागू नये, समोरची वस्तू काढावी. ब्लाइंड कॉन्टूर करा : नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवायची, पेन त्याच गतीने चालवायचं आणि कागदाकडे पाहायचं नाही. चित्र वेडंवाकडं येणारच, पण पाहणं पुन्हा जागं होतं. जॉर्जो मोरांदी हे इटालियन चित्रकार वर्षानुवर्षं त्याच बाटल्या, बरण्या आणि भांडी पुन्हा पुन्हा मांडून रंगवत राहिले. दोन बाटल्यांमधलं अंतर बोटभर बदललं की त्यांच्यासाठी चित्र बदलायचं. विषय हवा म्हणून अडून बसलेल्याने त्यांची चार-पाच स्थिरचित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

माझी जागा दुसरी होती, कोऱ्या कागदाची. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नव्या लोकांत हीच सर्वांत जास्त आढळते.

थंबनेल काढताना कुणी बघत नसतं. तिथे रेघ चुकली तर शेजारी दुसरी चौकट. मोठा कागद ताणला की मात्र 'हे चित्र होणार आहे' असं ठरून जातं, आणि ब्रश टेकण्याआधीच मनातला परीक्षक येऊन बसतो. माझ्या बाबतीत त्या परीक्षकाला प्रदर्शनातल्या चित्रांची मोजपट्टी मिळाली होती. पहिला वॉश ओला असतानाच मी त्याची तुलना भिंतीवर टांगलेल्या, पूर्ण झालेल्या कामाशी करत होते. अशा तुलनेत कुठलाही वॉश टिकत नाही.

त्या काळात मी इव्हा हेस्से या शिल्पकर्तीबद्दल वाचलं. १९६५ साली ती जर्मनीत, एका बंद पडलेल्या कापड कारखान्याच्या जागेत काम करत होती आणि स्वतःच्या कामाबद्दलच्या शंकांनी पुरती घेरली गेली होती. तिथे पडलेले दोर आणि यंत्रांचे सुटे भाग तिच्या हाती लागले, आणि त्यांतून त्या वर्षी तिने चौदा उठावशिल्पं केली. पुढचं तिचं सगळं काम त्या वाटेने गेलं. त्याच वर्षी तिचा मित्र, कलाकार सोल लेविट, याने तिला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा गाभा असा, की विचार करणं थांबव आणि काम कर, आणि जमलं तर मुद्दाम वाईट काम करून पाहा, सुचेल तितकं वाईट.

मुद्दाम वाईट करणं ऐकायला सोपं वाटतं. शिकलेला हात ते सहज करू देत नाही. मी चांगले कागद कपाटात ठेवून दिले आणि पार्सलांवरचा खाकी कागद कापून दहा तुकडे जमिनीवर पसरले. तीन इंची चपटा ब्रश घेतला आणि दोनच रंग : बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. वीस मिनिटांचं घड्याळ लावायचं आणि दहाही कागदांवर एकाच वेळी काम सुरू करायचं. यातली खरी युक्ती दहाच्या आकड्यात आहे. एकच कागद समोर असला की तोच 'चित्र' होऊन बसतो, दहा असले की एकावरही तेवढा भार पडत नाही. शिवाय खाकी कागद मुळात कोरा नसतो, त्याला मधला टोन असतो. गडद आणि उजळ दोन्ही बाजूंनी काम करता येतं. कॅनव्हासवर जुने तैलचित्रकार याच कारणाने आधी मातकट रंगाचा पातळ लेप द्यायचे. पांढऱ्यावर टाकलेला प्रत्येक रंग आहे त्याहून गडद भासतो आणि नजर फसते.

पहिले दोन आठवडे या कागदांतून काहीही निघालं नाही. मी ते फेकले मात्र नाहीत, आणि तुम्हीही फेकू नका. पंधराव्या दिवशी पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे घेतले, चौकटीसारखे त्या कागदांवर सरकवत राहिले, आणि तीन ठिकाणी मला थांबावंसं वाटलं. तळहाताएवढ्या तीन जागा. त्या कापून भिंतीला लावल्या. पुढच्या चित्रांची सुरुवात तिथून झाली.

मध्यावर अडकणाऱ्यांचं दुखणं निराळं. जवळजवळ प्रत्येक चित्रात एक कुरूप टप्पा येतो. मोठे आकार बसलेले असतात, व्हॅल्यू, म्हणजे कुठे किती उजळ आणि किती गडद, अजून ठरलेल्या नसतात, रंग एकमेकांशी भांडत असतात. नवा चित्रकार इथे चित्र सोडतो आणि दुसरं सुरू करतो, मग तेही त्याच टप्प्यावर सोडतो. यावर लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांतला सल्ला आजही चालतो : काम आरशात उलटं पाहा, लांब जाऊन पाहा, आणि मधेमधे सोडून जा, म्हणजे परत आल्यावर पारख अधिक नेमकी होते. आज त्यात फोनची भर पडली आहे. चित्राचा फोटो काढून ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल, करा. मग जे दिसतं ते एका वाक्यात लिहा. 'चित्र फसलंय' हे वाक्य चालणार नाही. 'आकृती आणि मागची भिंत यांची व्हॅल्यू एकच झाली आहे' हे चालेल, कारण त्यावर उद्या सकाळी काम करता येतं.

चित्राच्या शेवटच्या टप्प्यावर, बिघडेल या भीतीने थांबणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की फोटो काढून ठेवा आणि मग पुढे जा. काही चित्रं बिघडतील. त्यांनीच हात कुठवर न्यायचा ते शिकवलेलं असतं.

आता थोडं नाजूक. कधी कधी हात बरोबर थांबलेला असतो. जुनी पद्धत संपलेली असते आणि आपण मात्र तीच पुढे रेटत असतो. फिलिप गस्टन हे अमूर्त चित्रकार म्हणून नावाजले गेले होते. १९६६ च्या सुमारास त्यांनी रंगकाम थांबवलं आणि जवळजवळ दोन वर्षं फक्त रेखाटनं केली. काही कागदांवर मोजक्या रेघा, तर काहींवर बूट, पुस्तकं अशा साध्या वस्तू. त्यातून निघालेली आकृतिप्रधान चित्रं १९७० साली न्यूयॉर्कमध्ये मांडली, तेव्हा समीक्षकांनी झोडपलं. पुढच्या पिढ्यांतले अनेक चित्रकार मात्र त्याच चित्रांकडे वळले. माझ्या सात महिन्यांतही थोडं हेच होतं. सगळे म्हणत होते, तशीच अजून चित्रं कर. मला ती तशीच करायची नव्हती आणि हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. वहीतल्या ओळींनी ते उघड केलं : आधीच्या मालिकेसारखा विषय असेल त्या दिवशी हात सर्वांत लवकर थांबायचा.

शरीराचंही ऐका. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना १९८४ साली अपघात झाला, त्यानंतर काही काळ मोठे कॅनव्हास करणं त्यांना शक्य नव्हतं, तेव्हा ते कागदावर लहान आकारात शाईची कामं करत होते. खांदा दुखत असेल, झोप अपुरी असेल, तर आकार लहान करा, साधन हलकं करा. आणि चित्रासोबत जेवण, झोप, माणसांशी बोलणं, सगळ्यातलीच गोडी गेली असेल आणि ते काही आठवडे टिकलं असेल, तर चित्रकलेच्या युक्त्या बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. ते मी अगदी कळकळीने सांगते आहे.

ग्राहकाने सांगून दिलेल्या कामात अडकलात तर बहुतेक वेळा मागणीच अस्पष्ट असते. तीन थंबनेल पाठवून यातलं कुठलं जवळचं वाटतं, हे विचारा आणि मगच पुढे जा.

आता रोज संध्याकाळी उठण्याआधी मी दुसऱ्या दिवसाच्या कागदावर एक वॉश टाकून ठेवते, कुठलाही, उरलेल्या पाण्यातला. सकाळी तो वाळलेला असतो. कडेला रंग साचून एखादी गडद रेघ उमटलेली असते, आणि पहिला ब्रश मी त्या रेघेवर टेकवते.