एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांचं म्युझिक खरंच वेगळं आहे का, हे कसं तपासायचं

जपानी आवृत्तीचं म्युझिक जबरदस्त आणि युरोपवालं एकदम मरगळलेलं, असं कुणीतरी लिहितं, सोबत दोन व्हिडिओ टाकतं, आणि लोक ते ऐकून लगेच मान्य करतात. यातले खूपसे फरक संगीतकाराने केलेलेच नसतात, कन्सोलच्या घड्याळाने केलेले असतात. त्यामुळे आधी तपासा, मग बोला.

सुरुवातीला तुमच्याकडे नक्की कुठली आवृत्ती आहे ते लिहून घ्या. प्लॅटफॉर्म आणि प्रदेश तर सगळेच लिहितात, पण रिव्हिजन नंबर (त्याच गेमची कितवी दुरुस्त प्रत) विसरतात आणि तिथेच घोळ होतो. झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइममध्ये (१९९८) फायर टेंपलच्या म्युझिकमधलं पठण जपान-अमेरिकेच्या १.० आणि १.१ रिव्हिजनमध्ये आहे, १.२ मध्ये काढलंय. म्हणजे एकाच प्रदेशाच्या दोन कार्ट्रिजमध्ये वेगळं म्युझिक, आणि लोक अजूनही हा जपान विरुद्ध अमेरिका असा फरक आहे म्हणून सांगत फिरतात.

मग आवाज कुठून येतोय ते बघा. सीडीवर रेकॉर्ड केलेला ट्रॅक वाजतोय की साउंड चिप जागच्या जागी स्वर तयार करतेय? एकाच गेममध्ये दोन्ही असू शकतं. सॉनिक सीडीची (१९९३) जपान आणि युरोपची चाल नाओफुमी हाताया आणि मासाफुमी ओगाताची, अमेरिकेसाठी मात्र स्पेन्सर निल्सन आणि डेव्हिड यंगने जवळपास सगळंच नवीन केलं. पण 'पास्ट'वाल्या (भूतकाळात जाऊन खेळायच्या) लेव्हलचं म्युझिक सीडी ट्रॅकवर नव्हतंच, ते कन्सोलच्या चिपवर वाजतं, म्हणून ते अमेरिकन डिस्कवरही जपानीच राहिलं. हे कळलं की अमेरिकन आवृत्तीत भूतकाळात गेल्यावर म्युझिकचा बाजच का बदलतो, ते आपोआप कळतं.

आवाज मिळवणं सोपं आहे: दोन्ही आवृत्त्या एकाच एमुलेटरवर (जुना कन्सोल कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर), त्याच सेटिंगला, फिल्टर आणि इको बंद करून, किमान दोन लूप (म्युझिकच्या पूर्ण फेऱ्या) होईपर्यंत रेकॉर्ड करा. चिपचं म्युझिक असेल तर एनएसएफ किंवा व्हीजीएम फाइल (रेकॉर्डिंग नाही, चिपला जाणाऱ्या सूचनाच साठवलेली) त्याहून चांगली. व्हिडिओ साइटवरचे अपलोड तुलनेला अजिबात वापरू नका, समोरच्याने युरोपचा गेम ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० फ्रेम) चालवलाय की ५० वर ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.

आता खरी अवघड पायरी, वेग. मलाही सगळ्यात जास्त इथेच झगडावं लागलं, कारण यावर मिळणारा सल्ला बहुतेक चुकीचा असतो.

जपान-अमेरिकेचे जुने टीव्ही ६० हर्ट्झचे, युरोपचे ५० चे. त्या काळातल्या कितीतरी गेममध्ये म्युझिक पुढे सरकवणारा कोड टीव्हीच्या प्रत्येक फ्रेमला एकदा चालायचा, त्यामुळे युरोपात सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळाच चालला आणि चाल संथ झाली. पण सुराची पट्टी फ्रेमवर नाही, चिपच्या क्लॉकवर (तिच्या आतल्या घड्याळाच्या वेगावर) ठरते, आणि तो क्लॉक काही त्याच प्रमाणात बदलत नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर तो जेमतेम एक टक्का कमी होतो, कानाला कळणारही नाही. निन्टेन्डोच्या एनईएसवर मात्र १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे काही दुरुस्ती केली नाही तर सूर सव्वा सेमीटोन खाली. म्हणून लय आणि पट्टी या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, एकत्र कधीच नाही.

मोजायचं असं. लूपचा पहिला ठोका पकडा, पुढच्या फेरीत तोच ठोका कुठे येतो ते बघा, मधले सेकंद लिहा. दोन्ही आवृत्त्यांचं हे करून मोठा आकडा छोट्याने भागा. उत्तर १.२ च्या आसपास आलं (६० सेकंदांचा लूप ७२ चा झाला) तर तो घड्याळाचा फरक, संगीतकाराचा काही संबंध नाही. उत्तर १ आलं तर दोन शक्यता. एक, डेव्हलपरने भरपाई केलीय, जसं सॉनिक २ चा कोड ५० हर्ट्झवर दर पाचव्या फ्रेमला म्युझिक दोनदा पुढे सरकवतो. दुसरी, साउंड चिपला स्वतःचंच घड्याळ आहे, जसं सुपर निन्टेन्डोत, तिथे बहुतेक गेमचं म्युझिक युरोपातही संथ होत नाही. १ पण नाही आणि १.२ च्या जवळपासही नाही, असं काही आलं तरच कान टवकारा.

यानंतर ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये युरोपचं रेकॉर्डिंग वेगात आणायचं, तेव्हा 'चेंज टेम्पो' वापरा, 'चेंज स्पीड' नाही. स्पीडने लयीबरोबर पट्टीपण वर जाते आणि मग जो फरक ऐकू येतो तो तुम्हीच तयार केलेला असतो. आणि आकडा २० टक्के टाका. सगळीकडे १६.७ लिहिलेलं असतं, ते ६० वरून ५० ला येताना होणारी घट आहे, ५० वरून ६० ला जायला २० टक्के वाढ लागते. १६.७ टाकलं तर दोन्ही ट्रॅक थोड्या वेळात एकमेकांपासून सुटतात आणि लोक त्यालाच "अरेंजमेंट वेगळी" म्हणतात! एनईएसला पट्टी नंतर वेगळी तपासा, कारण काही गेममध्ये स्वरांचे आकडे युरोपसाठी दुरुस्त केलेत आणि काहींत नाही.

वेग जुळला की एमुलेटरमध्ये चॅनल (चिपचे वेगवेगळे आवाज) एकेक करून बंद करत ऐका, म्हणजे कुठलं वाद्य गायब आहे ते दिसतं. कॅसलव्हेनिया ३ च्या जपानी कार्ट्रिजमध्ये (१९८९) व्हीआरसी६ नावाची चिप आहे, ती तीन जादा चॅनल देते, दोन पल्स आणि एक सॉटूथ (ही ध्वनिलहरींच्या आकारांची नावं). जपानबाहेरच्या एनईएसवर कार्ट्रिजमधून येणारा आवाज त्याच पद्धतीने मिसळायची सोय नव्हती म्हणून अमेरिकेत ते तिन्ही गेले आणि तेच सूर उरलेल्या चॅनलांत कोंबले. चाल तीच, भरणा कमी. सेगा मास्टर सिस्टमचं पण तसंच, जपानी मशीनमध्ये एफएम (जास्त भरदार आवाजाची) चिप होती, बाहेरच्यात नव्हती, तरी बाहेरच्या कितीतरी गेममध्ये एफएमचं म्युझिक तसंच पडून आहे. एमुलेटरमध्ये एफएम चालू करून बघा, खरंच ऐकण्यासारखं आहे.

एका ट्रॅकची ध्वनिलहर वर-खाली उलटी करून (इन्व्हर्ट) दुसऱ्यात मिसळायची टेस्ट, ज्यात दोन्ही सारखे असले तर आवाज पूर्ण नाहीसा होतो, फक्त सीडीवरून थेट काढलेल्या ऑडिओवर करा, तीही दोन्ही ट्रॅक सॅम्पलपर्यंत जुळवून. रेकॉर्डिंगवर केलेली ही टेस्ट फरक दाखवणारच, तिचा काही उपयोग नाही.

डूम (१९९३) सारख्या गेममध्ये यातलं काहीच करायची गरज नाही. पीसीवर बॉबी प्रिन्सच्या चाली आणि प्लेस्टेशनवर (१९९५) ऑब्री हॉजेसचं भीतिदायक, जवळजवळ चालच नसलेलं म्युझिक, पाच सेकंदांत कळतं. परवाना घेतलेली गाणी असतील तर अपडेटची तारीख बघा, जीटीए ४ मधली बरीच गाणी परवाना संपल्यावर २०१८ च्या अपडेटने काढली गेली, त्यामुळे जुनी डिस्क आणि आजचं डाउनलोड एक नाहीत.

निष्कर्ष लिहाल तेव्हा प्लॅटफॉर्म, प्रदेश, रिव्हिजन, किती हर्ट्झवर चालवलं आणि टेम्पो किती टक्के बदलला, एवढं सोबत द्या, म्हणजे दुसऱ्याला तेच करून पडताळता येईल.