द्रवस्फटिकाचा सेल भरण्याआधीची तयारी

द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेत रांगेने ठेवणारा पदार्थ; दोन काचांमधल्या फटीत तो भरला की सेल होतो. त्याची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची. त्याआधीचा सगळा वेळ काचेला द्यायचा, कारण रेणू आडवे पडतील की उभे राहतील हे काचेचा पृष्ठभाग ठरवतो. सुरुवातीला ५सीबी हा द्रवस्फटिक घ्या. जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हल विद्यापीठात हा पदार्थ जगापुढे आणला. साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो नेमॅटिक असतो, म्हणजे रेणूंची दिशा एक पण जागा मोकळ्या, त्यामुळे खोलीच्या तापमानाला काम करता येतं.

काचा साबणाच्या पाण्यात अल्ट्रासोनिक बाथमध्ये धुवा, मग शुद्ध पाणी, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि ओव्हनमध्ये वाळवा. पाण्याचा थेंब काचेवर एकसारखा पसरला पाहिजे. कुठे गोळा होऊन थांबला, तर तिथे तेलकटपणा उरलाय, पुन्हा धुवा. हातमोजे हवेतच. बोटाचा ठसा नंतर पोलरायझरखाली (प्रकाशाची एकच कंपनदिशा जाऊ देणारी गाळणी) स्पष्ट उमटतो.

आता कुठली मांडणी हवी ते ठरवा. रेणू आडवे हवे असतील तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या एक टक्का द्रावणाचा पातळ थर स्पिन कोटरवर (काच वेगाने फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र) द्या, वाळवा, आणि मखमली कापडाने एकाच दिशेने घासा. मागेपुढे घासू नका. घासण्याआधीच काचेच्या मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, दिशेचा बाण कोरून ठेवा, कारण घासलेली बाजू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. घासल्याने नेमकं काय होतं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. १९७२ मध्ये बेरेमन यांनी दाखवलं, की पृष्ठभागावर बारीक खाचा असतील तर त्यांना छेदून राहण्यापेक्षा त्यांच्या रेषेत राहणं रेणूंना कमी ऊर्जेत जमतं. घासलेल्या पॉलिमरवर मात्र खाचांपेक्षा घासण्याच्या दिशेने ताणल्या गेलेल्या साखळ्यांचा वाटा मोठा असतो. रेणूची लांबी जेमतेम दोन नॅनोमीटर, आणि पृष्ठभागाने लावलेली ही शिस्त दहा मायक्रॉन जाडीच्या थरात आरपार, हजारो रेणूंपर्यंत पोहोचते. नेमॅटिकला लवचीकता असते, त्याचंच हे फळ.

उभी मांडणी हवी असेल तर काच डीएमओएपी या सिलेनच्या (काचेला चिकटणारं सिलिकॉनयुक्त रसायन) सौम्य द्रावणात काही मिनिटं बुडवा, शुद्ध पाण्याने खळखळून धुवा, आणि शंभर अंशांच्या आसपास तापवा. सिलेनची टोकं काचेला घट्ट धरतात आणि लांब शेपट्या बाहेर येऊन रेणूंना उभं ठेवतात.

दोन काचांमध्ये ठरावीक जाडीचे स्पेसर (फट राखणारे बारीक तुकडे) ठेवून कडा चिकटवा. जाडी स्पेसरच्या पाकिटावर वाचून गृहीत धरू नका, रिकाम्या सेलचा वर्णपट घ्या आणि दोन काचांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने त्यात उठणाऱ्या लाटांवरून मोजा. एकदा भरला की ही संधी गेली.

भरताना सेल आणि पदार्थ दोन्ही ४० अंशांच्या आसपास तापवा, म्हणजे पदार्थ नेमॅटिक राहणार नाही. नेमॅटिक अवस्थेत भरलं तर वाहण्याची दिशाच रेणूंवर छाप सोडते आणि काचेची मेहनत झाकली जाते. कडेला थेंब ठेवा, केशाकर्षणाने तो आपोआप आत जाईल. मग हळूहळू थंड करा.

तपासणी एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये. आडवा सेल फिरवला की दर ९० अंशांनी काळोख आणि मधल्या ४५ अंशांवर सर्वाधिक उजेड दिसायला हवा. उभी मांडणी असेल तर कसंही फिरवा, काळोखच. काळ्या कुंचल्यांसारखे फराटे दिसले, तर काचेने रेणूंना आडवं पाडलंय पण दिशा दिलेली नाही.

पाण्याशी लागून असलेला पृष्ठभाग पाहायचा असेल तर तयारी वेगळी. डीएमओएपी लावलेल्या काचेवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तांब्याची जाळी ठेवा, तिच्या घरांत ५सीबी भरा आणि जादा द्रव केशनळीने ओढून घ्या. हवेत घरं काळी दिसतात, कारण हवेला लागून रेणू उभे राहतात. पाण्यात बुडवल्यावर ते पाण्याच्या सीमेवर आडवे होतात आणि घरं उजळतात. पाण्यात एसडीएस हे साबणासारखं रसायन मिसळलं की पुन्हा काळोख. म्हणून शुद्ध पाणी आणि वाढत्या सांद्रतेची द्रावणं आधीच करून ओळीने मांडा, भांडी साबणाचा अंशही न उरेल अशी धुवा, आणि सुरुवात शुद्ध पाण्यापासूनच करा.