मशीनच्या आधी कापड

लग्न होऊन इचलकरंजीत आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला झोप लागली नाही. भिंतीपलीकडे माग, दिवसपाळी झाली की रातपाळी. पुढे इतकी सवय झाली की वीज जाऊन माग थांबले की जाग यायची. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय. त्या गावात 22 वर्षं राहूनही मी कापडाकडे नीट पाहिलं नव्हतं. 46व्या वर्षी सासूबाईंचं काळं पायमशीन उघडलं आणि मग पाहायला लागले.

आता गल्लीतल्या मुली शिवण शिकायला येतात. मशीनवर बसायची घाई सगळ्यांनाच असते. मी पहिला आठवडा त्यांना मशीनला हात लावू देत नाही.

अर्धा मीटर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, आणा. छापील नको, रंगीत नको. काठाला कात्रीने बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडा. टर्रकन आवाज होतो आणि कापड एका धाग्याच्या बाजूने सरळ फाटत जातं. कुठल्याही पट्टीपेक्षा ती रेषा खरी. फाटलेल्या कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, बोटावर गुंडाळून बघा.

काठाला समांतर जातो तो उभा धागा. मागावर तो बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून, ताणून आलेला असतो, विणताना तुटू नये म्हणून त्याला आधी खळ लावलेली असते. त्यामुळे तो फारसा ताणत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जातो तो आडवा. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याबरोबर येतो आणि जरा सैल असतो. दोन्हीकडून कापड ओढून बघा, फरक हाताला लगेच कळतो. मग तेच कापड कोपऱ्यांना धरून तिरकं ओढा. रबरासारखं लांबेल. हा उरेब. गळ्याची गोलाई जिच्यामुळे नीट बसते ती पट्टी उरेबच कापतात, आणि चुकून उरेबात कापलेला परकर घेराला लोंबतो तोही याच गुणामुळे.

आमचे हे मागावर होते. इथे मजुरीचं बोलणं पिकावर चालतं: एका इंचात जितके आडवे धागे, तितके पीक. 52 पीक हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. मी शिवायला बसले तेव्हा यांनी कपाटातून आपलं पीक ग्लास काढलं, एक इंचाच्या चौकटीवर बसवलेलं छोटं भिंग, आणि माझ्याच जुन्या साडीच्या पदरावर ठेवलं. वाकून पाहिलं तर आत चटई होती. एक धागा वर, एक खाली, मध्ये एका ठिकाणी सुताची जाडशी गाठ. सुईच्या टोकाने धागे मोजता मोजता दुपार गेली. ती साडी मी वर्षानुवर्षं धुतली होती, वाळत घातली होती, घडी केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. भिंग मिळालं तर तुम्हीही हे करा. नाही मिळालं तर कापड खिडकीत उजेडाकडे धरा. वीण घट्ट आहे की विरळ, ते तसंही दिसतं.

दुकानदार सुती म्हणून देतो ते सुतीच आहे का, हे बघायचं असेल तर कडेचे चार धागे चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. हे टाळू नका. आणि छापील चौकड्यांवर विसंबू नका, कारण छपाई धाग्याला तिरकी बसलेली असू शकते. माझा पहिला अभ्रा मी चौकड्यांच्या रेषेवर कापला. घडी सुरेख पडली. पहिल्या धुण्यात तो असा पिळला गेला की शिवणी उशीच्या मधोमध येऊन बसल्या. उसवून काही उपयोग नव्हता, कापच चुकला होता. तेव्हापासून सुती कापड मी फाडूनच सरळ करते.

आता मशीन. पायमशीनच्या चाकाच्या मधला स्क्रू सैल केला की सुई हलत नाही, नुसतं चाक फिरतं. अशा मशीनवर दोन दिवस पाय मारा. चाक आपल्या बाजूला फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा अडकतो. नंतर दोरा न ओवता रेघांच्या वहीचा कागद शिवा. सुईची भोकं रेघेवर पडायला लागली की दोरा ओवा. सुईला एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या अंगानेच ओवायचा. पॉपलीनला 14 नंबरची सुई, मलमलीला 11, जाड कापडाला 16. टीप सुरू करताना वरचा आणि बॉबिनचा म्हणजे खालच्या रिळाचा, दोन्ही दोरे मागे ओढून बोटाखाली धरा. कापडाच्या खालच्या बाजूला गुंता झाला की मुली बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. कापड दाबणारा फूट वर उचलून पुन्हा ओवा.

पहिली वस्तू म्हणून मी अभ्रा शिवायला लावते. सगळ्या शिवणी सरळ, आणि रोज वापरात येतो. उशी 16 बाय 24 इंच धरू. 36 इंची पन्न्याचं (रुंदीचं) पॉपलीन पावणेदोन मीटर घ्या, त्यात दोन अभ्रे होतात. भिजून वाळलं की उभ्या धाग्याने मधोमध फाडा. साधारण साडेसतरा इंची दोन पट्ट्या मिळतील. प्रत्येक पट्टी 56 इंच लांब ठेवा. दोन्ही आखूड कडा आधी पाव इंच, मग पाऊण इंच दुमडून इस्त्रीने दाबा आणि टीप मारा. उरली 54 इंच: 24 पुढची बाजू, 24 मागची, 6 आतली झडप.

पट्टी उलटी बाजू वर करून पसरा. एका टोकाची 6 इंच झडप आत दुमडा. दुसरं टोक त्यावर आणा, त्याची कड झडपेच्या घडीला बरोबर भिडली पाहिजे. दोन्ही बाजूंना टाचण्या लावा आणि पाव इंचावर टीप मारा. कडेचे सुटे धागे कापून टाका. अभ्रा उलटा करा, शिवण नखाने नीट बाहेर काढा, इस्त्री फिरवा आणि आता जरा जास्त, अर्ध्या इंचाला थोड्या कमी अंतरावर, दुसरी टीप मारा. पहिल्या शिवणीचे दोरे आत पूर्ण झाकले गेले पाहिजेत. आपल्या काळ्या मशीनला झिगझॅग नसतं, म्हणून ही दुहेरी शिवण. सुलट करून बघा: आतून-बाहेरून कुठेही सूत सुटलेलं दिसणार नाही.

टीप वाकडी गेली तर लगेच उसवा, पण दोरा हिसकून ओढू नका. चार टाके सोडून एकेक टाका कापत गेलात की दोरा अलगद निघतो आणि कापडाला भोक पडत नाही.

अभ्र्यावर हात बसला की लाडक्या कापडाला हात घालायचा. आमच्याकडे ओटीत आलेले खण ट्रंकेत पडून होते. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा जुना खण बघा: उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, पन्ना लहान, दोन्ही अंगांना काठ. उजेडात फिरवला की रंग बदलतो, कारण उभा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. कात्री लागली की त्याचे धागे भराभर सुटतात, म्हणून शिवणीला पाऊण इंच कापड सोडा आणि कापल्या कापल्या कडेने हाताने टाके घाला. काठ कापून फेकू नका, तोच पुढे बाहीला लागतो.

सासूबाईंच्या ओटीतला एक हिरवा खण मी अजून कापलेला नाही. दर दिवाळीला ट्रंकेतून काढते, घडीची रेघ बदलते म्हणजे रेशीम तिथे चिरत नाही, आणि पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवते. नातीच्या पहिल्या परकराला किती लागेल, ते मात्र मोजून झालंय.